ओले दिवस, कोरडे दिवस

आबांनी मला त्यांच्या ओसरीलगतची खोली दिली ती एका अटीवर. भाड्याचं त्यांनी काही विचारलं नाही. जेवणाचं काय करणार, कोणत्या जातीचा, घरी कोण कोण, हेही विचारलं नाही आणि त्या काळी खानदेशातल्या प्रकाशा या गावात हे नवलच होतं. ते सांगतील तेव्हा मी त्यांना इंग्रजीतून पत्र लिहून द्यायचं, एवढीच अट. मी पंचविशीचा, साताऱ्याकडचा, तिथल्या नव्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आलेलो. तापीकाठच्या शेतकऱ्याला इंग्रजी पत्रं लिहून लिहून किती लिहायची असणार, असा विचार करून मी होकार दिला आणि ट्रंक आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो, तर हे कोरा कागद घेऊन दारात उभे.

"लिखा मास्तर. सिंगापूरले लिखानं शे. इचारा, तठे समुद्रमा बुडी मारी तं खाले काय काय दिखास."

मी चूळ भरायची विसरलो. माणूस माझी फिरकी घेतोय असं वाटून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे थट्टेचं नावही नव्हतं. पन्नाशीचा, उंच, रुंद खांद्यांचा माणूस, धोतर गुडघ्याच्या जरा खाली, आणि मान जराशी उजवीकडे वळवून डावा कान माझ्यापुढे केलेला. उजव्या कानाने त्यांना फारसं ऐकू येत नसे.

"तुम्हाला कशाला हवंय ते?" मी विचारलं.

"मी जाई ऱ्हायनू ना," आबा म्हणाले.

आत चुलीपाशी त्यांची बायको होती. तिला सगळं गाव जिजी म्हणायचं. ती तिथूनच बोलली, "यासले समुद्रना तळ देखना शे. मन्हा हंडाना तळ फुटना तो नही दिखास."

मी पत्र लिहिलं. पुढच्या पाच वर्षांत अशी किती लिहिली ते आठवत नाही.

आबा गुजर समाजातले. नदीकाठी त्यांची केळी होती, वरच्या अंगाला कापूस होता, खाऊन पिऊन सुखी घर. पण भाऊबंद त्यांना जरा लांबच ठेवत. लग्नाच्या पंगतीत त्यांचं पान नेमकं शेवटी यायचं. कारण त्यांनी पत्करलेलं काम गुजराच्या घरात कुणी केलेलं नव्हतं. तापीत कुणी बुडालं की त्याला वर काढायचं, हे ते काम.

प्रकाशाला गोमाई तापीला मिळते. लांबून लोक अस्थी घेऊन येतात, पर्वणीला आंघोळीला येतात. घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या आणि पायऱ्या संपल्या की एकदम डोह. पूर्वी हे काम गावातला एक म्हातारा भोई करायचा. आबांना लहानपणी त्यानेच बुडी मारायला शिकवलं होतं, तेव्हा ती पोरखेळाची गोष्ट होती. पुढे भोयाची मुलं सुरतेला गिरणीत गेली, म्हातारा वारला आणि एका पर्वणीला कुणीतरी बुडालं. घाटावर रडारड चाललेली, आणि पाण्यात उतरायला कुणी नाही. आबांनी धोतर खोचलं. त्यानंतर ते काम त्यांच्याकडे आलं ते आलंच.

त्या कामाचे म्हाताऱ्याने घालून दिलेले नियम होते आणि आबा ते काटेकोर पाळत. कमरेला दोर बांधायचा आणि त्याचं टोक बुडालेल्याच्या घरच्या माणसानेच धरायचं, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही. परका माणूस कंटाळतो, घरचा कंटाळत नाही, असं त्याचं कारण. सापडलं की दोराला दोन हिसके. मोबदला घ्यायचा नाही, फक्त एक नारळ, तोही फोडून नदीलाच द्यायचा. बुडालेल्याचं नाव विचारायचं नाही. आणि वर आल्यावर आबा स्वतः चहा मागेपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. कधी कधी ते तास तास घाटावर बसून राहत आणि सगळा गाव तोंड मिटून त्यांच्या आसपास उभा असे.

एकदा त्यांना म्हटलं, खाली कसं दिसतं हो?

"दिखास कोठे? तापीनं पानी ते. गाळच गाळ. डोया मिटीसन जानं आनि हात फिराडानं. हातले केस लागनात का समजानं." मग म्हणाले, "तीस वरीस व्हई ग्यात मास्तर, मी पानीमा जास. पन पानीमा काय ऱ्हास ते मी आजून देखं नही."

सिंगापूरचं खूळ कुठून आलं ते मला तेव्हा समजलं. मी गावात येण्याच्या आदल्या वर्षी तिथला एक कापडाचा व्यापारी वडिलांच्या अस्थी घेऊन आला होता. मूळचा सुरतेकडचा, पण जन्म तिकडचाच. बोलायला मोडकंतोडकं गुजराती, लिहायला फक्त इंग्रजी. बरोबर धाकटा भाऊ होता. अस्थी सोडताना त्याचा पाय घसरला. आबांनी त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं. दोर व्यापाऱ्यानेच धरला होता. आबांचा चहा झाल्यावर त्याने पाकीट काढलं, आबांनी नारळ मागितला. तो म्हणाला, आणखी काहीतरी मागा, मी असाच कसा जाऊ. कधी कुणाकडे काही न मागणाऱ्या आबांनी विचारलं, "तुमनी बाजूले पानी कसं शे?"

भावाचं प्रेत पुढ्यात असताना त्या माणसाने या प्रश्नाचं उत्तर दिलं. हे मला फार मोठं वाटतं. तो म्हणाला, आमच्याकडे बेटांजवळ समुद्र इतका स्वच्छ आहे की बुडी मारली तर तळावर आपली सावली दिसते. हळदीच्या रंगाचे, कुंकवाच्या रंगाचे मासे अंगाजवळून जातात. झाडांसारखे दगड असतात. परत गेल्यावर त्याने एक रंगीत चित्र पाठवलं. समुद्राचा तळ, वर निळं पाणी आणि त्यात डोळ्यांना काचा लावलेला एक माणूस आडवा तरंगतोय. आबांनी ते ओसरीवर देवांच्या तसबिरींशेजारी लावलं. जिजी देवांना हळदकुंकू लावताना ते चित्र मुद्दाम वगळायची.

चित्राच्या खाली भिंतीवर त्यांची सहल होती. गेरूने एकवीस पट्टे ओढलेले, एका पट्ट्याला एक दिवस. तीन दिवस पाण्यात, मग दोन दिवस जमिनीवर, पुन्हा तीन दिवस पाण्यात. त्यांचे शब्द होते ओले दिवस आणि कोरडे दिवस. नंदुरबारच्या कानाच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की कानाला विसावा पाहिजे, म्हणून हे कोरडे दिवस. दर दिवाळीला जिजी भिंतीला चुना मारायची आणि सगळा बेत पुसला जायचा. पाडव्याला आबा तो पुन्हा आखायला बसत. दर वर्षी त्यात काही बदललेलं असे.

ओल्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत, जणू तिथे ठरवण्यासारखं काही नव्हतंच. सगळी खटपट कोरड्या दिवसांची. शाळेच्या कपाटात भूगोलाची दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती, त्यातलं सिंगापूरचं आणि पलीकडच्या बेटांचं मी त्यांना संध्याकाळी वाचून दाखवायचो. ते ऐकता ऐकता मध्येच उठून भिंतीवर खूण करत. एका कोरड्या दिवशी महादेवाचं जुनं दगडी देऊळ. एका दिवशी धूर ओकणारा डोंगर, पण लांबूनच. एका दिवशी लवंगांची बाग. दोन दिवस तर नुसते केळीसाठी ठेवलेले. तिकडे केळीच्या पुष्कळ जाती आहेत असं मी वाचून दाखवलं, त्या रात्री त्यांना झोप आली नाही म्हणे. येताना त्यांचे मुनवे, म्हणजे मुळाशी फुटलेले कोंब आणायचे, इथे लावायचे, असं त्यांनी ठरवून टाकलं. बोटीवर मुनवे चालतील का, हे विचारणारं एक पत्रही मी लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही.

पुस्तकात एके ठिकाणी होतं की तिकडच्या एका बेटावर प्रेतयात्रा मोठ्या थाटाची असते, वाजतगाजत असते, लांबून लोक बघायला येतात. मी उत्साहाने वाचलं. आबांनी हात वर केला.

"मडं नको मास्तर. सुट्टीमा मडं नको."

खाण्याचाही बेत होता. दादर ज्वारीचं पीठ, मिरच्या, शेंगदाणे, डांगर. तिकडे मासेच खातात, असं मी म्हटलं तर त्यांना ते अगदी विचित्र वाटलं. "ज्यासना घर देखाले जाई ऱ्हायनू, त्यासलेच खाऊ का?"

गाव हसायचं. मीही सुरुवातीला हसलो. शिक्षकांच्या खोलीत मी त्यांची नक्कल करायचो, मान वळवून "लिखा मास्तर" म्हणायचो आणि सगळे पोट धरून हसायचे. आबांना एक सवय होती, बोलता बोलता ते एकदम गप्प व्हायचे आणि छाती ताठ धरून बसायचे. श्वास कोंडलेला असे. बैलगाडी हाकताना शेताच्या बांधापासून मारुतीच्या पारापर्यंत ते श्वास धरून येत. मी त्याचीही नक्कल करायचो. आता त्याची लाज वाटते.

माझं हसू थांबलं ते त्यांच्या विहिरीवर. त्यांनी शहाद्याच्या सायकलवाल्याकडून चित्रातल्यासारख्या काचा करून घेतल्या होत्या. मोटारीच्या ट्यूबचं रबर, त्यात दोन गोल काचा, मागे बांधायला नाडी. माघातली सकाळ होती, विहिरीचं पाणी निवळलेलं. मला म्हणाले, काठावर उभे रहा. काचा बांधल्या आणि उतरले. मी मनात आकडे मोजू लागलो. शंभर झाले, सव्वाशे झाले. मग ते वर आले, पायरीला धरून काचा कपाळावर सरकवल्या आणि हसायला लागले. त्यांना तसं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"मास्तर, मन्हा पाय दिखनात."

"काय?"

"मन्हा पाय. पानीमा. दोन्ही. आनि एक कासव शे खाले, ते माले देखी ऱ्हायनं व्हतं."

त्या दिवशी या माणसाला तिकडे पोचवायचंच, असं मी मनाशी ठरवलं. हे अगदी खरं आहे. पुढे जे केलं तेही मीच केलं.

घाई होती ती कानाची. नंदुरबारच्या डॉक्टरांकडे मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. उजव्याचा पडदा गेलेला होता. डावा अजून धड होता, पण डोहात असंच जात राहिलात तर दोन वर्षं, फार तर तीन, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. तो फाटला की पाण्याखाली जाणं बंद, तोलही जाईल. डोहातलं काम आजच सोडा. परत येताना आबा गाडीत म्हणाले, सोडतो, पण एकदा ते पाणी बघून येतो आणि मग सोडतो. आधी सोडलं तर सवय मोडेल.

म्हणजे दोन वर्षांत जायला हवं होतं. आणि त्या काळात शेतकऱ्याने पासपोर्ट मागणं म्हणजे सरकारी कचेऱ्यांना कोडंच होतं. अर्जात प्रवासाचं कारण लिहायचं होतं. आबांनी सांगितलं, खरं ते लिहा. मी लिहिलं, समुद्रात बुडी मारून तळ पाहणे. अर्ज परत आला. चौकशीला माणूस आला, त्याने आबांना विचारलं, मोती काढायला जाताय का? आबा म्हणाले, काढायला नाही, काढायचं काम इथे करतो. दीड वर्ष गेलं. शेवटी पासपोर्ट आला. आबांनी त्यातला आपला फोटो जिजीला दाखवला. ती म्हणाली, "चोर दिखी ऱ्हायनात."

आता एकच कागद उरला होता. परदेशी चलन मिळणं अशक्य, तेव्हा तिथला राहण्याजेवण्याचा, बोटीचा खर्च करणारं कुणीतरी हवं आणि त्याने तसं लिहून द्यायला हवं. व्यापाऱ्याला आम्ही पत्र टाकलं. आबांनी या वेळी काय काय विचारायचं ते बोटांवर मोजून सांगितलं. मी पत्त्यात माझं नाव आणि शाळा घातली, कारण इंग्रजी पत्र घरी आलं तर टपालवाला ते गावभर दाखवून मग द्यायचा.

त्याच वर्षी सिंहस्थाचं पर्व होतं. बारा वर्षांनी येतं ते. वर्षभर माणसांची रीघ लागणार होती आणि तेही पावसाळ्यापासून, तापी भरलेली असताना. गावात मांडव, रस्ते, धर्मशाळा यांची गडबड चाललेली. या सगळ्याची व्यवस्था पाहणारे गावातले एक बडे शेतकरी होते, त्यांना तात्या म्हणत. शाळेच्या मंडळावरही तेच. एका दुपारी ते मधल्या सुट्टीत मला भेटायला आले. वागायला अतिशय सभ्य माणूस. त्यांनी आधी माझ्या आईची चौकशी केली.

"मास्तर, आबासना कागद व्हई गया म्हने."

"पासपोर्ट झालाय. तिकडचं पत्र यायचंय."

"ते पत्र जरा ऱ्हाऊ द्या." ते शांतपणे म्हणाले. "एक वरीस. एक वरीसमा समुद्र काई आटाव नही. परवमा लाखो लोक येतीन. कोनी बुडनं आनि मडं नही भेटनं, तं त्या घरना लोकेसनी कोनले आग देवानी? आमले त्यासले काय सांगानं?"

"हे तुम्ही आबांनाच का नाही सांगत?"

"सांगं तं ऱ्हाई जातीन आबा. मंग मन मारीसन ऱ्हातीन. तसं नको." ते उठले. "पत्र उशिरा उनं तं कोनले काय समजानं."

मी अजून कायम झालो नव्हतो. माझी ऑर्डर त्यांच्या मंडळाच्या हातात होती. तात्यांनी तो विषय काढला नाही. तो मीच मनात काढला.

पत्र आषाढात आलं. जाड पाकीट, टंकलिखित चार पानं. मी ते रिकाम्या वर्गात बसून वाचलं. व्यापाऱ्याने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती. खर्चाची हमी वेगळ्या कागदावर सहीशिक्क्यासह होती. दिवाळीच्या आत या, नंतर इकडे समुद्र खवळतो, असं लिहिलं होतं. आणि शेवटी असं की, पुढच्या वर्षी मी इथला व्यवहार आवरून मुलाकडे विलायतेला जाणार आहे, तेव्हा या खेपेलाच यावं.

ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. मला ते समजलं नाही असं मी म्हणू शकत नाही, इंग्रजी शिकवून पोट भरणारा माणूस मी. व्यापारी लोक असं म्हणतातच, जाणं पुढे ढकलतीलही, पर्व झालं की लगेच लिहू, असं काहीबाही स्वतःला सांगत मी पत्र ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं. संध्याकाळी घरी आलो तेव्हा आबा ओसरीवर होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग केळीला पाणी द्यायला निघून गेले. त्यांनी पत्राचं विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. मला वाटलं, सुटलो.

पर्व सुरू झालं. मी किती जणांना वर येताना पाहिलं ते सांगत नाही. एकीचं सांगतो. शिरपूरकडची एक सून, नवऱ्याबरोबर आंघोळीला आलेली, पायरीवरून घसरून पाण्यात गेली. नदीला पूर होता. आबा पहिल्या दिवशी पाच वेळा खाली गेले, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. नवरा दोर धरून उभा, अंगावरचे कपडे तसेच ओले, खाणं नाही, बोलणं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या डाव्या कानातून पाणी येत होतं. मी घाटावर त्यांचा हात धरला.

"पुरे आता, आबा. ती काही जिवंत नाही."

"ती कोठे माले बोलाई ऱ्हायनी?" त्यांनी दोर धरलेल्या त्या पोरगेल्या माणसाकडे पाहिलं. "हाऊ बोलाई ऱ्हायना."

त्या खेपेला दोन हिसके आले. लोकांनी तिला धरून वर घेतलं, कुणीतरी लुगडं टाकलं. नवऱ्याने आबांच्या पायांना मिठी मारली आणि सोडेना. तात्या माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. हळूच म्हणाले, "आते सांगा मास्तर, आपलं चुकनं का?" मी त्या नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं.

आबा पायरीवर बसले. कानातून मानेवर रक्त उतरत होतं. नेहमीसारखे आम्ही सगळे गप्प उभे राहिलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "चहा आना."

जिजी कप घेऊन मागेच उभी होती. "लई उनू," चहा आणलाय असं तिने मागून सांगितलं.

"चहा आना," आबा पुन्हा म्हणाले.

"हाऊ काय, लई उनू ना."

"कोनी चहा आनाव शे का नही?" आबा नदीकडे बघत म्हणाले. जिजीने पुढे होऊन कप त्यांच्या हातात दिला, तेव्हा घाटावरच्या सगळ्यांना एकाच वेळी समजलं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ओरडून बोललं तरच थोडंफार ऐकू येईल, गेलेलं ऐकू येणं परत येणार नाही. डोकं पाण्याखाली घालायचं नाही, आंघोळसुद्धा कानात बोळे घालून. पुढे ते भिंतीला धरून चालत. बांधावरून जाताना कडेला कलत आणि जिजी मागून त्यांचं बंडीचं टोक धरून चाले. त्या दिवाळीला तिने भिंतीला चुना मारला आणि पाडव्याला त्यांनी गेरू मागितला नाही. पर्वाच्या उरलेल्या दिवसांत जे बुडाले, ते नदीत पुढे कुठे तरी आपोआप वर आले किंवा आलेच नाहीत. तात्यांनी त्याबद्दल माझ्याशी कधी बोलणं काढलं नाही.

पर्व संपलं त्या महिन्यात माझी ऑर्डर आली. मी कायम झालो. तो कागद ट्रंकेत ठेवायला गेलो आणि हाताला ते पाकीट लागलं. मी ते घेऊन तसाच ओसरीवर गेलो. सकाळची वेळ, रस्त्याने बाया पाण्याला चाललेल्या.

"आबा, सिंगापूरचं पत्र आलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी डावा कान पुढे केला, जुन्या सवयीने. मी मोठ्याने सांगितलं. त्यांनी मान हलवली, ऐकू आलं नाही. मग मी ओरडलो. पत्र पर्वाच्या आधी आलं, आषाढात आलं, मी लपवून ठेवलं, असं मी भर सकाळी ओसरीवर उभा राहून ओरडून सांगितलं. रस्त्यावरच्या बाया थांबल्या. जिजी आतून दारात आली. तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते मला अजून दिसतं.

आबांचा चेहरा होता तसाच होता.

"माले माहीत शे," ते म्हणाले. बहिऱ्या माणसासारखं तेही आता मोठ्याने बोलत. "टपालवालानी त्याच दिन सांगं. सिंगापूरनं तिकिट शे, जाड पाकीट शे, म्हने. मी वाट देखी. मास्तर आज सांगतीन, सकाय सांगतीन."

"मग विचारलं का नाही?" मी ओरडलो. "एकदा विचारायचं होतं, आबा."

"इचारं असतं तं तुमले खोटं बोलनं पडतं."

ते पाकिटाकडे बघत होते.

"वाचा. काय लिखं त्यानी?"

मी ती चार पानं मराठीत करून, एक एक ओळ ओरडून वाचली. तापीकाठच्या त्या गल्लीत मी समुद्राचा रंग ओरडून सांगितला. पहाटे कोणती होडी येणार होती ते सांगितलं, तळ किती हातांवर आहे ते सांगितलं, देवळाला कोणत्या दिवशी जायचं, केळीचा बाजार कोणत्या वारी भरतो ते सांगितलं. आबा कुठे कुठे मान हलवत, एखादी ओळ पुन्हा वाचायला लावत. केळीचं त्यांनी तीनदा वाचून घेतलं. दिवाळीच्या आत या, हे वाचलं. विलायतेला जाण्याचं शेवटचं वाक्य मी गाळायला गेलो. पान संपलेलं नाही हे त्यांना दिसत होतं, त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मी तेही वाचलं. तोवर माझा आवाज बसला होता.

आबांनी आत हात करून जिजीकडून कागद मागितला आणि माझ्यापुढे ठेवला.

"लिखा मास्तर. तो गया व्हई तरी लिखा, कोनी तरी धाडी देई त्याले. लिखा, तुमनं पत्र येळवर भेटनं. गावमा परव व्हतं, म्हनीसन मालेच येता उनं नही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कागदाकडे बोट दाखवून थांबले होते. मी ते इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात लिहिलं, त्यांनी खाली मराठीत सही केली आणि हे पत्र मी त्याच दिवशी टपालात टाकलं.